वेदनेचा उपशम : उपशामक रुग्णसेवेची वाटचाल

जैन कर्मसिद्धांतात उपशम आणि क्षय असे दोन शब्द येतात. आचार्य पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धीत त्यांचा भेद पाण्याच्या दृष्टांताने समजावून दिला आहे. गढूळ पाण्यात निवळीचे बी घातले की गाळ तळाशी बसतो व वरचे पाणी नितळ होते. हा उपशम होय. तेच नितळ पाणी दुसऱ्या स्वच्छ भांड्यात काढून घेतले की गाळाचा संबंधच उरत नाही. हा क्षय होय. वैद्यकशास्त्रालाही रोगाशी वागण्याच्या याच दोन तऱ्हा ठाऊक आहेत. रोगाचे मूळ नाहीसे करणे ही पहिली. मूळ हटत नसेल तेव्हा निदान रुग्णाची वेदना, धाप, मळमळ, निद्रानाश आणि मनाची तगमग शांत करणे ही दुसरी. या दुसऱ्या मार्गाला मराठीत उपशामक सेवा हा शब्द रूढ होत आहे. वैद्यकीय व्यवहारात तिला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात.

हे नाव लॅटिन भाषेतील पॅलियम या शब्दावरून आले. पॅलियम म्हणजे अंगावर घ्यावयाचा झगा. थंडी घालविता येत नसेल तर थंडीने काकडणाऱ्याच्या अंगावर पांघरूण घालावे, हा त्यामागील भाव. कर्करोग, हृदय, मूत्रपिंड व फुप्फुसांचे जीर्ण विकार, पक्षाघात, स्मृतिभ्रंश अशा आजारांनी घेरलेल्या रुग्णांसाठी ही सेवा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५ कोटी ६८ लाख लोकांना तिची गरज भासते आणि त्यांपैकी सुमारे १४ टक्के लोकांनाच ती मिळते. जे शास्त्र हाती आहे ते बहुसंख्य रुग्णांपर्यंत का पोहोचले नाही, हे समजून घेण्यासाठी त्याचा इतिहास पाहणे उद्बोधक ठरेल.

आश्रयस्थानापासून शास्त्रापर्यंत

मरणासन्न व्यक्तीला आसरा देणे हे सर्वच धर्मांनी पुण्यकर्म मानले आहे. युरोपात अशा आसऱ्यांना हॉस्पिस म्हणत. फ्रान्समधील लियाँ येथे १८४२ साली जान गार्निए या विधवा स्त्रीने असाध्य रोगांनी ग्रस्त स्त्रियांच्या सेवेचे काम सुरू केले. डब्लिन येथे १८७९ मध्ये आणि लंडनच्या पूर्व भागात १९०५ मध्ये ख्रिस्ती धर्मभगिनींनी असेच आश्रम उघडले. भारतात मदर तेरेसा यांनी १९५२ साली कोलकात्यातील कालीघाट येथे निर्मल हृदयची स्थापना केली. या सर्व ठिकाणी माया होती, स्वच्छता होती, प्रार्थना होती. परंतु तीव्र वेदनेवर नियमित औषधयोजना करण्याचे शास्त्र मात्र अद्याप आकाराला आले नव्हते.

ती उणीव भरून काढण्याचे श्रेय इंग्लंडच्या डॉ. सिसिली सॉन्डर्स यांना जाते. त्यांचा जन्म १९१८ चा. त्या प्रथम परिचारिका झाल्या, पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सोडावे लागल्यावर रुग्णालयातील समाजसेविका झाल्या. त्या काळात डेव्हिड टास्मा नावाचा पोलंडहून आलेला एक ज्यू निर्वासित त्यांच्या देखरेखीखाली होता. त्याला असाध्य कर्करोग झाला होता आणि त्या परक्या शहरात त्याचे कोणी नव्हते. १९४८ मध्ये मृत्यू येण्यापूर्वी त्याने आपल्या शिलकीतील ५०० पौंड सॉन्डर्स यांच्या नावे ठेवले आणि त्या जे घर उभारतील त्यातील एक खिडकी आपली असावी, अशी इच्छा व्यक्त केली. वेदनेविषयी काही करावयाचे तर स्वतः वैद्यक शिकले पाहिजे हे ओळखून सॉन्डर्स यांनी वयाच्या तिशीत वैद्यकीय शिक्षण घेतले व १९५७ मध्ये त्या डॉक्टर झाल्या.

त्यापुढे लंडनच्या सेंट जोसेफ्स हॉस्पिसमध्ये काम करताना त्यांनी एक साधी पण मूलगामी गोष्ट केली. तोवर रुग्ण वेदनेने विव्हळू लागला की मगच त्याला मॉर्फिन देण्याची पद्धत होती. औषधाचा अंमल ओसरला की वेदना पुन्हा उसळे आणि पुढील मात्रेची वाट पाहण्यातच रुग्णाचा दिवस जाई. सॉन्डर्स यांनी ठराविक अंतराने, वेदना डोके वर काढण्यापूर्वीच, तोंडावाटे औषध देण्याचा प्रघात पाडला. रुग्ण शुद्धीवर, बोलता-चालता व वेदनामुक्त राहू शकतात, हे त्यांनी शेकडो रुग्णांच्या नोंदींवरून दाखविले.

त्यांची दुसरी देणगी म्हणजे समग्र वेदना ही कल्पना. शरीर दुखते ते एकटे दुखत नाही. घराच्या कर्त्या पुरुषाला मुलांच्या शिक्षणाची चिंता छळते, आईला अविवाहित मुलीची काळजी असते, कोणाला जुने वैर मिटविता न आल्याची खंत असते, तर कोणाला आपण काय पाप केले हा प्रश्न झोपू देत नाही. शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक अशा चारही अंगांनी वेदनेचा विचार केल्याखेरीज ती शमत नाही, हा त्यांचा सिद्धांत होय. १९६७ साली लंडनच्या सिडनहॅम भागात त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. आधुनिक उपशामक सेवेचा आरंभ तेथून मोजला जातो. टास्माची खिडकी त्या इमारतीत आजही आहे. २००५ मध्ये सॉन्डर्स यांचे निधनही त्याच वास्तूत झाले.

कॅनडातील माँट्रियल येथे डॉ. बाल्फोर माउंट यांनी १९७५ मध्ये रुग्णालयाच्या आत असा विभाग उघडला व त्याला पॅलिएटिव्ह केअर हे नाव दिले. १९८६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेसाठी तीन पायऱ्यांची शिडी प्रसिद्ध केली. सौम्य वेदनेला साधी वेदनाशामके, मध्यम वेदनेला कोडीनसारखी औषधे व तीव्र वेदनेला मॉर्फिन, असा तिचा क्रम होता. औषध शक्यतो तोंडाने, घड्याळाच्या काट्याप्रमाणे आणि वेदनेच्या प्रमाणात द्यावे, हे तिचे सूत्र होते.

अफूच्या देशात मॉर्फिनचा दुष्काळ

मॉर्फिन अफूपासून मिळते. मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफूची शेती होते आणि नीमच व गाझीपूर येथील शासकीय कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होते. असे असूनही भारतातील रुग्ण मात्र अनेक वर्षे मॉर्फिनवाचून तळमळत राहिले.

१९८५ साली अमली पदार्थविरोधी कायदा झाला. व्यसनाला आळा घालण्याचा त्याचा हेतू योग्यच होता. पण त्यातील कठोर शिक्षा आणि प्रत्येक राज्याचे वेगवेगळे परवाने यांमुळे रुग्णालयांनी व औषधविक्रेत्यांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले. एका औषधासाठी अनेक खात्यांचे परवाने एकाच वेळी वैध असावे लागत. शेवटचा हाती येईपर्यंत पहिल्याची मुदत संपलेली असे. परिणामी १९९७ मध्ये देशभरातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर अवघ्या १८ किलोग्रॅमवर आला. कायद्यापूर्वीच्या तुलनेत ही घट सुमारे ९७ टक्के होती. डॉक्टरांची एक पिढी मॉर्फिनची गोळी न हाताळताच पदवीधर झाली. औषध गेले आणि त्यासोबत ते वापरण्याचे ज्ञानही गेले.

१९९८ मध्ये केंद्र शासनाने राज्यांना नियम सुलभ करण्याची सूचना केली. काही राज्यांनी ती मानली, काहींनी दुर्लक्षिली. अखेर फेब्रुवारी २०१४ मध्ये संसदेने कायद्यात दुरुस्ती केली. मॉर्फिनसह अत्यावश्यक वेदनाशामकांसाठी देशभर एकच नियमावली आली व मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना राज्याच्या औषध नियंत्रकाच्या एकाच परवानगीने ती ठेवता येऊ लागली. कायद्याचे दार अशा रीतीने उघडले. मनातील भीतीचे दार उघडण्यास मात्र अधिक काळ लागत आहे. मॉर्फिन म्हणजे व्यसन, मॉर्फिन म्हणजे शेवट, असे समज घरोघरी आढळतात. तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनेच्या प्रमाणात दिलेल्या मॉर्फिनने व्यसन जडण्याचा धोका अल्प असतो. बद्धकोष्ठ हा त्याचा नित्याचा त्रास. त्यासाठी सोबतच सारक औषध दिले जाते.

मुंबई, गोवा आणि पुणे

मुंबईत १९४१ साली सुरू झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयाकडे देशभरातून कर्करोगाचे रुग्ण येत. शस्त्रक्रिया वा किरणोपचार यांचा उपयोग होणार नाही असे ठरल्यावर या रुग्णांनी जावे कोठे, हा प्रश्न तेथील शल्यचिकित्सक डॉ. एल. जे. डिसूझा यांना अस्वस्थ करीत होता. त्यातून १९८६ मध्ये वांद्रे येथे शांती आवेदना ही भारतातील पहिली आधुनिक हॉस्पिस संस्था उभी राहिली. पुढे गोवा व दिल्ली येथेही तिच्या शाखा निघाल्या. येथील सेवा विनामूल्य असून जात वा धर्म विचारला जात नाही.

१९९४ मध्ये या विषयातील डॉक्टर, परिचारिका व कार्यकर्त्यांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. १९९७ मध्ये पुण्यातील वारजे येथे सिप्ला प्रतिष्ठानचे उपशामक सेवा व प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. तेथील एक विशेष असा की रुग्णासोबत नातेवाइकानेही राहावे व जखमेची निगा, तोंडाची स्वच्छता, कूस बदलणे, नळीवाटे अन्न देणे या गोष्टी शिकून घ्याव्यात, जेणेकरून घरी परतल्यावर सेवा खंडित होऊ नये. २०१२ मध्ये टाटा मेमोरियल येथे या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला आणि उपशामक वैद्यक ही भारतात स्वतंत्र शाखा बनली. त्याच वर्षी केंद्र शासनाने राष्ट्रीय उपशामक सेवा कार्यक्रम आखला. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणातही या सेवेला स्थान मिळाले.

केरळचा धडा

या इतिहासातील सर्वांत बोधप्रद प्रकरण केरळचे आहे. १९९३ मध्ये कोळिकोड येथील वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार व त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनानिवारण संस्था सुरू केली. लवकरच त्यांच्या ध्यानात आले की रुग्णालयाच्या दारापर्यंत येण्याचीच शक्ती ज्यांच्यात नाही, असे रुग्ण संख्येने अधिक आहेत. तेव्हा सेवेनेच रुग्णाच्या घरी जावे, असे ठरले.

त्यासाठी माणसे कोठून आणावयाची? उत्तर शेजारात सापडले. मलप्पुरम व आसपासच्या भागात शिक्षक, दुकानदार, विद्यार्थी, गृहिणी असे सामान्य लोक आठवड्यातून काही तास देऊ लागले. त्यांना थोडे प्रशिक्षण मिळे. अंथरुणाला खिळलेला रुग्ण कोणत्या घरात आहे, त्या घरात चूल पेटते की नाही, मुले शाळेत जातात की नाही, हे त्यांना डॉक्टरांहून अधिक कळत असे. लहान लहान देणग्यांवर हे काम चालले. २००८ मध्ये केरळ शासनाने स्वतंत्र उपशामक सेवा धोरण जाहीर केले. असे करणारे ते देशातील पहिले राज्य होय. ग्रामपंचायतींनी परिचारिका नेमून गृहभेटी चालवाव्यात, अशी व्यवस्था झाली. डॉ. राजगोपाल यांना २०१८ मध्ये पद्मश्रीने गौरविण्यात आले. देशातील उपशामक केंद्रांचा मोठा वाटा आजही त्या एका राज्यात आहे. महाराष्ट्रात रुग्णालये व दानशूर संस्था विपुल आहेत. उणीव आहे ती गल्लीगल्लीत पोहोचणाऱ्या अशा सेवकांची.

ग्लानसेवेची परंपरा

जैन परंपरेला हा विचार अपरिचित नाही. सहा आभ्यंतर तपांत वैयावृत्त्याची गणना होते. तत्त्वार्थसूत्राने वैयावृत्त्यास पात्र अशा दहा जणांत आचार्य, उपाध्याय व तपस्वी यांच्यासोबत ग्लान, म्हणजे रोगाने क्लांत झालेल्या साधूचाही स्वतंत्र उल्लेख केला आहे. रुग्णाची सेवा ही येथे उपकाराच्या पदरात न टाकता तपाच्या आसनावर बसविलेली आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. श्रावकाच्या चार दानांतही औषधदान आहेच.

आचार्य शिवार्य यांचा भगवती आराधना हा दोन हजारांहून अधिक गाथांचा प्राकृत ग्रंथ समाधिमरणाचे सविस्तर विवेचन करतो. सल्लेखना घेणाऱ्या क्षपकाच्या परिचर्येसाठी त्यात ४८ निर्यापक सांगितले असून त्यांची कामे वाटून दिली आहेत. कोणी कूस बदलण्यास, उठण्या-बसण्यास साहाय्य करावे. कोणी मलमूत्राची व्यवस्था पाहावी. कोणी धर्मकथा सांगून मन स्थिर ठेवावे. कोणी दाराशी बसून येणाऱ्यांमुळे क्षोभ होऊ देऊ नये. एवढे निर्यापक न मिळाल्यास संख्या कमी होत होत दोनवर यावी, पण एकट्यावर भार टाकू नये, असाही दंडक आहे. अहोरात्र सेवा करणारा एकटा माणूस थकतो, हे सत्य त्या काळीही ओळखले गेले होते. आजच्या घरांत बहुधा एकटी सून किंवा एकटी पत्नी हा भार वाहते.

तरीही दोन गोष्टींची गल्लत होऊ नये. सल्लेखना हे धर्मव्रत आहे. उपसर्ग, दुर्भिक्ष, वार्धक्य अथवा असाध्य रोग अशा निरुपाय स्थितीतच गुरूच्या अनुज्ञेने, कषाय कृश करीत ते घ्यावयाचे असते. चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांनी दृष्टी मंदावल्याने ईर्यासमितीचे पालन अशक्य झाले तेव्हा कुंथलगिरी येथे हे व्रत घेतले व ३६ व्या दिवशी, १८ सप्टेंबर १९५५ रोजी, समाधी साधली. उपशामक सेवा हे व्रत नव्हे. ती वैद्यकीय सेवा आहे. ती मरण ओढून आणीत नाही आणि लांबवीतही नाही. तिचा लाभ घेणाऱ्याने अन्न वा औषध सोडावे अशी तिची अपेक्षा नसते. वेदनेला कंटाळून जीव नकोसा होणे ही सल्लेखना नव्हे, हे शास्त्रही सांगते. मरणाची आकांक्षा हा त्या व्रताचा अतिचार मानला आहे. म्हणूनच असह्य वेदनेत असलेल्या रुग्णाने तसा काही विचार बोलून दाखविला तर प्रथम त्याची वेदना शमविणे हे कुटुंबाचे कर्तव्य ठरते.

कायद्यानेही या विषयाला स्पर्श केला आहे. राजस्थान उच्च न्यायालयाने १० ऑगस्ट २०१५ रोजी संथाऱ्याविरुद्ध निर्णय दिला. समाजाने देशभर शांततेने मूक निषेध नोंदविला व ३१ ऑगस्ट २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयास स्थगिती दिली. त्याहून भिन्न असा प्रश्न यंत्रांच्या आधारे लांबविलेल्या आयुष्याचा. त्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मृत्यू येण्याचा हक्क मान्य केला व आपल्या अंतिम उपचारांविषयी आगाऊ लेखी इच्छा नोंदविण्यास मुभा दिली. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने ही पद्धत सोपी झाली. दोन साक्षीदारांसमक्ष केलेला असा लेख आता नोटरी वा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे प्रमाणित करता येतो.

घराच्या उंबरठ्याच्या आत

उपशामक सेवेची गाठ शेवटी घराशी पडते आणि तेथे पहिला प्रश्न सत्याचा असतो. रुग्णाला आजाराचे नाव कळू देऊ नये, यासाठी अनेक कुटुंबे आटापिटा करतात. हेतू प्रेमाचा असतो. परंतु रुग्णाला बहुधा सारे उमगलेले असते आणि तोही घरच्यांसाठी न कळल्याचे सोंग घेतो. परिणाम असा की व्यवहार सांगावयाचे राहतात, क्षमा मागावयाची राहते, क्षमा करावयाचीही राहते. ज्या समाजात दरवर्षी क्षमापनेचा दिवस पाळला जातो, त्या समाजातील व्यक्तीला आयुष्यातील अखेरची क्षमापना करण्याची संधी आपल्या मौनामुळे नाकारली जावी, ही विसंगती विचार करावयास लावणारी आहे. किती जाणून घ्यावयाचे हे रुग्णाला हळुवारपणे विचारावे, तो विचारील तितके खरे सांगावे, असे या क्षेत्रातील जाणते सांगतात.

दुसरा प्रश्न नियमांचा. सूर्यास्तानंतर पाणीही न घेणारे वृद्ध रात्रीची गोळी नाकारतात आणि पहाटेपर्यंत वेदना सोसतात. डॉक्टरांना हे संकोचाने सांगितलेच जात नाही. वास्तविक समग्र वेदनेच्या विचारात रुग्णाच्या श्रद्धेला स्थान आहेच. दीर्घकाळ अंमल करणाऱ्या गोळ्या आहेत. त्वचेवर लावावयाची व सुमारे तीन दिवस काम करणारी फेंटानिलची पट्टीही आहे. कोणते औषध योग्य हे डॉक्टरच ठरवतील, पण नियम त्यांच्या कानी घालणे आवश्यक आहे.

तिसरा प्रश्न वेळेचा. ही सेवा अखेरच्या चार दिवसांची आहे असे समजून कुटुंबे उशिरा जातात. अमेरिकेतील बॉस्टन येथे २०१० साली फुप्फुसाचा पसरलेला कर्करोग असलेल्या १५१ रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. निदानापासूनच नेहमीच्या उपचारांसोबत उपशामक सेवा मिळालेल्यांचे जीवन अधिक सुखकर होते. इतकेच नव्हे तर ते मध्यमानाने ११.६ महिने जगले, तर केवळ नेहमीचे उपचार मिळालेले ८.९ महिने.

समाजाचे दायित्व

मुंबईत १८३४ साली सर जमशेटजी जिजीभाई व जैन श्रेष्ठी मोतीशा यांच्या पुढाकाराने पांजरपोळ उभे राहिले. म्हातारा बैल बरा होणार नाही, तो पुन्हा नांगराला जुंपला जाणार नाही, हे दात्यांना ठाऊक होते. तरीही त्याला चारा, पाणी, सावली मिळावी आणि त्याचा शेवट शांततेत व्हावा यासाठी त्यांनी द्रव्य दिले. उपयोग संपलेल्या जीवाचीही निगा राखावी, हा संस्कार या समाजाच्या रक्तात आहे. असाध्य रोगाने पडलेल्या माणसालाही त्याचाच लाभ मिळाला पाहिजे.

त्यासाठी मोठी इमारतच हवी असे नाही. अनेक न्यास आज खाटा, व्हीलचेअर, वॉकर, हवेच्या गाद्या रुग्णांना वापरण्यास देतात. त्या सोबत एक प्रशिक्षित परिचारिका आणि आठवड्यातून दोन तास देणारे दहा-बारा श्रावक-श्राविका लाभले, जवळच्या उपशामक केंद्राशी संबंध जोडला गेला, तर गावातील एकही रुग्ण वेदनेत एकाकी राहणार नाही. रुग्णाजवळ बसणारे दोन तास हे त्याच्या थकलेल्या पत्नीला मिळालेली दोन तासांची झोप असते.

सुवर्णमहोत्सव हा मागे वळून पाहण्याचा जसा प्रसंग, तसाच पुढील पन्नास वर्षांचा संकल्प करण्याचाही. मंदिरांचे जीर्णोद्धार झाले, धर्मशाळा झाल्या, विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या मिळाल्या. आता अंथरुणाला खिळलेल्या ग्लानाच्या उशाशी समाज बसला पाहिजे. रोगाचा क्षय मानवाच्या हाती नेहमीच नसतो. वेदनेचा उपशम बहुतांशी हाती आहे, आणि जे हाती आहे ते न करणे अहिंसेच्या उपासकांना शोभणारे नाही.